झाकणावरची तीन अक्षरं

सेंदाई,
२८ मार्च १९८७

तीर्थरूप बाबांस,
फुमिएचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आईनं पाठवलेला डबा परवा पोचला. हेरिंग माशाच्या लोणच्याचा वास कागदाच्या तीन थरांतून बाहेर आला होता, त्यामुळे पोस्टमननं तो हात लांब करून माझ्या हवाली केला. प्रयोगशाळेत नेला, तर चौघांनी उभ्याउभ्या फस्त केला. बसून जेवायला सध्या इथं कुणाला सवड नाही.

टीव्हीवर दाखवतात त्याच काळ्या वड्या तू भाजतेस का, असं तुम्ही विचारलंत. त्याच. बर्फ, पाणी आणि वाफ एवढंच आपण शाळेत शिकतो, पण पदार्थाच्या याहून चमत्कारिक अवस्था असतात. काही पदार्थ पुरेसे गार केले की त्यांच्यातून वीज वाहताना कुठं अडतच नाही. एरवी विजेचे कण जत्रेतल्या गर्दीसारखे धक्के खात जातात, ते अचानक ओबोन सणाच्या नाचातल्या बायकांसारखे एका तालात पावलं टाकू लागतात. अशा पदार्थाला अतिवाहक म्हणतात. आजवर त्यासाठी भयानक थंडी लागायची. आता कळलंय की तांबं आणि दोन-तीन दुर्मिळ धातूंच्या भुकट्या घोटून, दाबून, भट्टीत भाजलेली वडी हेच काम पुष्कळ कमी थंडीत करते. तेव्हापासून जगातले सगळे शास्त्रज्ञ कुंभार झालेत. तुम्ही हसणार हे मला माहीत आहे.

आता खरी गोष्ट. ती फोनवर सांगता येत नाही, कारण घरमालकिणीच्या फोनवर बोललेलं तिच्या तीन मैत्रिणींना संध्याकाळपर्यंत कळतं. माझ्या शेजारच्या टेबलावर सागाए-सान बसतात, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांची एकतीस नंबरची वडी उणे तीस अंशाला अतिवाहक झाली. उणे तीस म्हणजे होक्काइदोतली हिवाळ्यातली सकाळ! हे खरं असेल तर विजेच्या तारांपासून रेल्वेपर्यंत सगळं बदलेल. पण हे घडलं एकाच रविवारी, २२ तारखेला, दोनदा. त्यानंतर कुणालाच जमलेलं नाही, खुद्द सागाए-साननाही नाही.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख नुकुई सर, त्यांना २० एप्रिलला निबंध पाठवायचाय. त्यावर सहीच्या जागी सरांचा, सागाए-सानचा आणि माझा असे तीन शिक्के लागतात. उद्या हे खोटं ठरलं तर सर दोन वर्षांत निवृत्तच होतायत. माझी नेमणूक मात्र उन्हाळ्यात पुन्हा तपासली जायचीय, आणि पस्तिशीला आलेल्या बाईला दुसरीकडे कोण घेणार आहे?

आणि बाबा, नोंदवहीत त्या रविवारी 'पाहणाऱ्याचा शिक्का' या रकान्यात माझा शिक्का आहे. मी तेव्हा दाढदुखीनं घरी झोपले होते. आमचे सगळ्यांचे शिक्के किटलीशेजारच्या एका कपात उभे असतात, पेन्सिलींसारखे. कुणीही उचलावा.

तुम्ही पन्नास वर्षं भट्टी लावताय. एकाच मातीतून, एकाच भट्टीतून एखादंच भांडं वेगळं निघतं आणि पुन्हा कधीच निघत नाही, असं होतं का? इथं मी कुणाजवळ बोललेले नाही. कुणाजवळ बोलावं हेही समजत नाही.

आईला नमस्कार. तुमची माया आहेच, या वेळी तुमचा सल्लाही हवाय.

तुमची,
फुमिए


आइझु-होंगो,
२ एप्रिल १९८७

चि. फुमिएस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की तुझी आई चाकावरून उठून बघायला आली. माती नखात जाते म्हणून कुरकुरत तू विद्यापीठात गेलीस, आणि आता सरकारी भट्टीत वड्या थापतेस! इथं सगळं ठीक आहे. कालपासून रेल्वे सरकारी राहिली नाही. तिकीट देणारा काल हसून बोलला. मी सुटे पैसे दोनदा मोजून घेतले. इतकी वर्षं जो खेकसायचा, तो एका दिवसात हसतो म्हणजे काहीतरी गोम आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर: होतं असं. दोनशे भांड्यांत एखादं असं निघतं की आपणच हरखून बघत राहावं. तांबं तर मोठं लबाड. भट्टीत उडतं आणि शेजारच्या भांड्यावर जाऊन बसतं. पण जे भांडं आत जाताना आणि बाहेर येताना दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. त्यातून पाहणारीचा शिक्का पाहणारीला न विचारता मारलाय. पोरी, आणखी काय पुरावा पाहिजे तुला?

गेन्झो आठवतो का? तू पाच वर्षांची होतीस. तो तुला मातीचं कबुतर करून द्यायचा, शिट्टी वाजणारं. अकरा वर्षं माझ्या हाताखाली काम केलं त्यानं. एकदा हेरिंगचं लोणचं मुरवायच्या तसराळ्यांची अख्खी भट्टी तपकिरी डाग पडून निघाली. त्यानं झिलईत हलकी राख मिसळली होती. शपथा घेत होता, रडत होता, पण मी त्याच्या तोंडावरून ओळखलं. दुसऱ्या दिवशी त्याला वाट दाखवली. माणूस हाताखालचा असो की शेजारच्या टेबलावरचा, नजर ठेवावीच लागते.

तेव्हा आता ऐक. शिक्का त्या कपातून काढ आणि दोऱ्यात ओवून गळ्यात घाल. कपाटातल्या सगळ्या वड्यांना पोटाकडून अशी खूण कर की तुझ्याशिवाय कुणाला दिसू नये. आणि त्याची ती वडी मला पाठव. मला विजेतलं काही कळत नाही, पण भाजलेली वस्तू माझ्यापुढं खोटं बोलू शकत नाही.

आशीर्वाद आहेतच. डोळे उघडे ठेव.

तुझा बाप,
होशी तामेकिची

ता. क. फुमिए, दाढ काढलीस की नाही ते तू लिहिलंच नाहीस. तुझे बाबा म्हणतात तेवढं सगळं ऐकायलाच पाहिजे असं नाही. — आई


सेंदाई,
८ एप्रिल १९८७

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

दाढ काढली, आईला सांगा. शिक्का गळ्यात आहे. अंघोळीलासुद्धा काढत नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे वड्यांच्या पोटावर सुईनं एकेक बारीक रेघ ओढली. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही, नुसतं सागाए-सानकडे. ते हल्ली एकटेच जेवतात. मी जवळ गेले की एक वही मिटून खणात टाकतात आणि खणाला कुलूप लावतात. पूर्वी ते मोकळ्या स्वभावाचे होते. सगळ्या डब्यांवर काहीबाही विनोद लिहिणारे तेच.

शेवटी न राहवून मी शिक्क्याचं विचारलं. ते अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले की हो, मीच मारला, रकाना रिकामा राहिला की कार्यालयातून वही परत येते, तुम्ही असता तर मारलाच असता ना. आणि वर असंही म्हणाले की या इमारतीत कुणाचा शिक्का कोण मारतो हे देवालाही माहीत नसेल. हे खरंच आहे. मीही सुट्टीच्या अर्जांवर सरांचा शिक्का कितीदा मारलाय. पण जो माणूस इतक्या सहज हे कबूल करतो, त्यानं आणखी काय काय सहज केलं असेल? त्यांच्या कबुलीनं माझा संशय फिटण्याऐवजी वाढलाच.

आता जे लिहिते ते वाचून रागावू नका. ती एकतीस नंबरची वडी तारा सोडवताना मधोमध मोडली होती. तिचे दोन तुकडे कपाटात होते. सोमवारी सगळे जेवायला गेले असताना मी एक तुकडा, ज्या डबीत होता त्या डबीसकट, पिशवीत टाकला. तोच या पत्राबरोबर पाठवतेय. शेजारी पुडीत माझी स्वतःची एक साधी वडी आहे, ती ताडून बघायला. वहीत जेवढी आच लिहिलीय तेवढी तिला खरंच लागलीय का, एवढंच सांगा.

काल सर सागाए-सानना विचारत होते की दुसरा तुकडा कुठाय. ते कपाट उपसून शोधत होते. सरांच्या कपाळावर आठी पडली. मी चहा गाळत होते. गाळतच राहिले.

माझ्यावरचा लोभ हे वाचल्यावरही होता तेवढाच असू द्या.

फुमिए


आइझु-होंगो,
११ एप्रिल १९८७

चि. फुमिएस,
आशीर्वाद.

डबी मिळाली. वडी बघायची गरजच उरली नाही, कारण झाकणच बोललं!

तू या घरात वाढलीस, तुला सांगायला नको. भांडं ज्या लाकडी डबीत जातं तिच्या झाकणावर करणारा स्वतःच्या हातानं लिहितो आणि खाली शिक्का मारतो. आत भांडं आहे की दगड, हे झाकणावरून ठरतं. झाकणावर लिहिलेला तो त्याचा शब्द. माझ्या बापानं एकदा वाकड्या कपाच्या झाकणावर 'वाकडा' असंच लिहिलं होतं.

आणि तुझ्या त्या सागाएनं काय लिहिलंय? तीन परदेशी अक्षरं आणि एकतीसचा आकडा. ती अक्षरं मला येतात. लष्करात असताना दोन वर्षं मी पेट्यांवर तीच रंगवत होतो. पहिलं उ, दुसरं स, तिसरं ओ. उसो! खोटं! एकतिसावं खोटं! म्हणजे आधीची तीस वेगळीच. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. तुझ्या आईलाही वाचून दाखवलं. पठ्ठ्यानं स्वतःच्या हातानं कबुली लिहून ठेवलीय, परदेशी अक्षरांत, म्हणजे कुणाच्या ध्यानात येणार नाही. पण म्हाताऱ्या कुंभाराला तो विसरला.

तू भिडस्त आहेस, तू काही बोलणार नाहीस. म्हणून मीच आज सकाळी तुझ्या नुकुई सरांना रजिस्टर पत्र टाकलं. सगळं सविस्तर लिहिलंय: शिक्का, रविवार, झाकण. आता तुझ्या नावाला कुणी हात लावू शकत नाही.

निर्धास्त झोप. बापाचा आशीर्वाद पाठीशी आहे.

तामेकिची

ता. क. मी म्हटलं आधी फुमिएला विचारा. म्हणेपर्यंत ते चपला घालून पोस्टात पोचले होते. — आई


सेंदाई,
१५ एप्रिल १९८७

तीर्थरूप बाबांस,
नमस्कार.

बाबा, तुम्ही हे काय करून बसलात!

ती अक्षरं म्हणजे कबुली नाही. एकदाच दिसून नंतर गायब होणाऱ्या अतिवाहकाला इंग्रजीत 'न ओळखलेली अतिवाहक वस्तू' म्हणतात, उडत्या तबकड्यांच्या चालीवर कुणीतरी काढलेलं नाव. त्याची आद्याक्षरं तीच तीन, यू-एस-ओ. ती सलग वाचली की आपल्या भाषेत उसो, म्हणजे खोटं, होतं, म्हणून आपल्याकडच्या प्रयोगशाळांत हा विनोद दुपटीनं चालतो. खात्री नसलेल्या प्रत्येक वडीच्या डबीवर सगळेच लिहितात. माझ्या स्वतःच्या चार डब्यांवर आहे ते. मी डबी पाठवताना झाकणाकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकं ते रोजचं झालंय. आणि तुम्ही झाकणच वाचणार, हे मला सुचायला हवं होतं.

तुमचं पत्र सोमवारी सरांच्या हाती पडलं. सरांनी ते चारचौघांत वाचलं नाही, एवढेच उपकार. त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. झाकणाचा भाग वाचून ते हसलेही. पण पत्रामुळे त्यांना कळलं की हरवलेला तुकडा आइझुला आहे आणि रविवारचा शिक्का माझा नाही. त्यांनी विचारलं की तुकडा बाहेर कुणी पाठवला.  मी तोंड उघडायच्या आधी सागाए-सान म्हणाले की मीच दिला, होशी-सानचे वडील जुने कुंभार आहेत, त्यांचं मत घ्यावं असं वाटलं.

त्यांनी मला काहीच दिलेलं नव्हतं. ते धडधडीत खोटं बोलले आणि मी मान खाली घालून ते खरं होऊ दिलं.

सरांनी त्यांना घरी बसायला सांगितलंय. निबंध थांबवलाय. सोमवारी, २० तारखेला संस्थेकडे अहवाल जाणार: सागाए यांनी मोजमापं बनावट केली आणि पुराव्याचा तुकडा परस्पर बाहेर धाडला. त्यावर माझा शिक्का लागणार. तो मारला की त्यांना उभ्या देशात कुठली प्रयोगशाळा दारात उभी करणार नाही.

आणि बाबा, इतकं होऊनही माझ्या मनातला किडा मरत नाही. त्यांनी मला का वाचवलं? ज्याचं मन साफ आहे तो असा आळ अंगावर घेईल का? त्या वहीत काय आहे? मला माझीच शरम वाटते, पण संशय काही जात नाही. तुम्ही अजून ती वडी हातात घेतलेली नाही. आता तरी घ्या. झाकण बाजूला ठेवा आणि वडी बघा. सोमवारच्या आत मला खरं काय ते कळलं पाहिजे.

फुमिए


आइझु-होंगो,
१७ एप्रिल १९८७
(तातडीच्या टपालानं)

चि. फुमिएस,
आशीर्वाद.

आज थट्टा नाही. काल पत्र मिळाल्यापासून मी जे केलं ते क्रमानं लिहितो.

तुकडा उजेडात बघितला. आच बरोबर लागलीय, रंग आतपर्यंत एकसारखा. मग तुझी वडी घेतली आणि तीही मधोमध मोडली, म्हणजे दोन्ही बरोबरीचे होतील. त्याबद्दल माफ कर. दोन्ही अर्धे तुकडे चिनी मातीच्या बशीवर चार बोटांच्या उंचीवरून सोडले. तुझा टिण्ण वाजला. त्याचा वाजला ठक्क. पुन्हा केलं, दहा वेळा केलं. तुझ्या आईला पाठमोरी उभी करून ओळखायला लावलं, तिनं एकदाही चूक केली नाही. बद्द वाजणाऱ्या भांड्यात तडा असतो, हे तुला चालायला यायच्या आधीपासून माहीत आहे.

वरून काही दिसत नव्हतं. म्हणून ब्रशची शाई त्यावर पातळ करून चोळली आणि पुसली. तुकड्याच्या कडेला केसासारखी काळी रेघ उरली. जिथून वडी मोडली तो तडा नाही हा. हा आडवा आहे, वरच्या पृष्ठाला समांतर, भाकरीचा पापुद्रा सुटतो तसा. भुकटी दाबताना आत हवा राहिली आणि दाब झटकन सोडला की असंच होतं. नवशिक्या माणसाच्या पहिल्या शंभर कौलांत हेच असतं. मी विजेतला नाही. पण भांडं गार पडलं की तडा उघडतो आणि गरम झालं की मिटतो. उघडल्यावर वरचा पापुद्रा खालच्या अंगापासून सुटा होणार. तेव्हा तुझी वीज कुठून जाते ते तू बघ.

त्या माणसानं खोटं केलेलं नाही. वडीनं केलंय, आणि तीही न सांगता.

आणखी एक. तुकड्याच्या पोटावर तुझी रेघ आहे. तिच्या शेजारी सुईनं टोचलेले दोन ठिपके आहेत, रेघेहून आधीचे. ते कुणाचे, मला माहीत नाही.

आता जे लिहितो ते लिहायला मला सकाळपासून बसावं लागलं. गेन्झोला काढल्यावर पुढच्या वर्षीच्या भट्टीत तसेच तपकिरी डाग पडले. राख मी स्वतः चाळली होती. मागची भिंत उकरली, तर विटांमध्ये बोटभर फट होती, तिथून वारा शिरत होता. ती फट मी एकट्यानं लिंपली आणि कुणाला सांगितलं नाही. गेन्झोला चार ओळी लिहायच्या होत्या. उद्या लिहू, परवा लिहू म्हणता म्हणता एकोणतीस वर्षं झाली. आज तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, लिंपलेल्या जागेचा रंगच वेगळा होता.

तोंडावरून ओळखलं म्हणणारा मी, मला झाकणही वाचता आलं नाही. पोरी, सोमवारी शिक्का जपून मार.

तामेकिची


सेंदाई,
२६ एप्रिल १९८७

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं आणि मी ते तशीच उभी राहून दोनदा वाचलं. मग सरांकडे गेले.

तुम्ही म्हणालात तेच झालं होतं. आम्ही वडीला चार तारा लावतो. टोकांच्या दोन तारांनी वीज आत सोडायची, वरच्या पाठीवरच्या मधल्या दोन तारांनी अडथळा मोजायचा. उणे तीसला तडा उघडला आणि सगळी वीज खालच्या अंगातून गेली. मधल्या तारा ज्या पापुद्र्यावर होत्या त्यातून वीज जातच नव्हती, म्हणून यंत्रानं अडथळा शून्य दाखवला. सरांनी उरलेला तुकडा कापून भिंगाखाली धरला. त्यातही तीच रेघ. जगातली सगळ्यात मोठी बातमी म्हणजे एक सुटलेला पापुद्रा होता.

सर म्हणाले की बरं झालं, वेळेत कळलं. अहवाल बदलून 'वडी सदोष' एवढंच लिहू आणि विषय संपवू. मी म्हटलं की तुकडा मी चोरून नेला हेही त्यात लिहा. त्यांनी मला समजावलं, उन्हाळ्यातल्या नेमणुकीची आठवण दिली. मी दोरा गळ्यातून काढला आणि ते वाक्य लिहून झाल्यावरच शिक्का मारला. नेमणुकीचं काय होईल ते होईल. आई घाबरणार नाही याची तुम्ही काळजी घ्या.

त्याच दुपारी बीनच्या गोड वड्या घेऊन सागाए-सानच्या खोलीवर गेले. खोली रिकामी होती. राजीनामा टपालानं धाडून ते यामागाताला भावाच्या चेरीच्या बागेत निघून गेले होते. सरांनी परत या म्हणून लिहिलंय, उत्तर नाही. खण रिकामा करताना ती वही माझ्या हातात आली. कुलूप लावून ठेवत होते ती. बाबा, त्यात बत्तीसपासून अठ्ठावन्नपर्यंतच्या वड्या आहेत, प्रत्येकीपुढं फुली. तीन आठवडे ते स्वतःचीच वडी खोटी पाडायच्या खटपटीत होते, मुकाट्यानं. आणि एकतीसच्या पानावर समासात लिहिलंय: 'होशी-सान वड्या बदलतात का? दोन ठिपके टोचून ठेवणे.'

मी त्यांच्यावर पाळत ठेवत होते आणि ते माझ्यावर. एकाच वडीच्या पोटावर दोघांच्या खुणा. तुकडा मीच नेला हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं असणार.

वहीच्या शेवटी माझ्या नावाची चिठ्ठी होती. लिहिलं होतं की तुमचा शिक्का मी न विचारता मारला, माझी वडी तुम्ही न विचारता नेलीत, तेव्हा फिटंफाट. पुढं एवढंच की वडिलांना काय दिसलं ते मला कळवाल का.

पत्ता सोबत लिहिलाय. मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. तुम्ही लिहाल का? मला अजून शब्द सापडत नाहीत, पण सापडतील.

तुम्हा दोघांचा लोभ असू द्या, मला त्याची गरज आहे.

फुमिए


आइझु-होंगो,
१० मे १९८७

रा. रा. सागाए शुनजी यांस,
होशी तामेकिची याचा कृतानेक सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी मी आपलं केवढं नुकसान केलं हे आपल्याला ठाऊक आहे. फुमिएच्या सरांना ते पत्र लिहिणारा म्हातारा मीच. मला क्षमा करा. ही ओळ लिहिताना लाज वाटते, पण न लिहिण्याची लाज याहून मोठी असते, हे मी अनुभवानं सांगतो.

मला काय दिसलं, असं आपण विचारलंत. आपल्या वडीच्या वरच्या अंगात आडवा पापुद्रा सुटला होता. भुकटी दाबल्यावर दाब फार लवकर सोडता आपण. दहा आकडे मोजत सोडा, हवा निघून जाते. आच उत्तम दिली होती. घोटाई तर आमच्या गावातल्या पुष्कळांहून चांगली. वाईट हात नाही तो.

पूर्वी माझ्याकडे गेन्झो नावाचा कारागीर होता. त्याच्यावरही मी असाच आळ घेतला होता. गेल्या महिन्यात त्याला लिहिलं. उत्तर त्याच्या मुलाचं आलं. वडील सहा वर्षांपूर्वी वारले, घरात मातीच्या कबुतरांची एक फळी अजून आहे, एवढंच त्यात होतं. तिथं मला उशीर झाला. आपल्या बाबतीत होऊ नये म्हणून हे पत्र.

आपला तुकडा सोबत परत करतो आहे. आमच्याकडच्या किरी लाकडाची डबी मी स्वतः केली. आमच्या धंद्यात झाकणावर जे लिहिलं असतं त्याला करणारा जन्मभर बांधील असतो. झाकणावर मी ब्रशनं आपल्या साध्या लिपीत 'उसो' लिहिलंय. परदेशी अक्षरांत नाही, म्हणजे कुणाचा घोटाळा व्हायला नको. खाली माझं नाव आणि माझा शिक्का आहे. खोटं कुणाचं होतं, हे डबी हातात घेणाऱ्या कुणालाही कळेल. आपल्या सरांना दाखवा, किंवा चुलीत घाला. हक्क आपला आहे.

चेरी तोडून झाल्या की एक दिवस इकडे या. दाब सोडायला शिकवायला मला एक दुपार पुरते. यायचं नसलं तरी या म्हाताऱ्याला मनातून काढून टाकू नका, एवढी विनंती.

आपला,
होशी तामेकिची

ता. क. शिक्का त्यांनी स्वतः मारला, दिवसाउजेडी, माझ्यासमोर. पाहणारी म्हणून खाली माझाही मारते आहे. — होशी योशिनो (फुमिएची आई)